घर न धरलेली जमीन

आमचा धाकटा कधी खोटं बोलत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, वैतागून सांगतेय. लहानपणी आत्या साडी नेसून मिरवत आली आणि "कशी दिसते रे?" म्हणाली, तर हा म्हणे, "मागच्या वेळी हीच नेसली होतीस." आईनं पाठीत धपाटा घातला, आत्या चहा न घेता निघून गेली, आणि हा आपला रडवेल्या तोंडानं मला विचारतोय, "पण ताई, तीच होती ना गं?" तीच होती. म्हणून काय झालं? पण हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही.

असल्या माणसाला नोकरीही नेमकी तशीच मिळाली. जमीन तपासणाऱ्या एका कचेरीत तो कॉम्प्युटरवर भूकंप घडवतो. मी लोकांना असंच सांगते, लोक हसतात. खरं काम असं, की जमिनीच्या पोटात खडक असतो आणि काही ठिकाणी त्या खडकात जुनी भेग असते. भूकंप झाला की भेगेच्या एका बाजूचा खडक सरकतो. पण आपण काही खडकावर राहत नाही, मध्ये मातीचा जाड थर असतो. त्या मातीतून चीर वर येताना सरळ येत नाही. वळते, पसरते, कधी वाटेतच विरते. ती वर आली तर नेमकी कुठून येईल, हे धाकटा मांडतो. मी शिवणकाम करते, म्हणून मला त्यानं कापडावर समजावलं होतं. सैल विणीचं कापड ओढलं तर ताणत जातं, घट्ट विणीचं टर्रकन फाटतं. मऊ चिकणमाती सैल विणीची, दबून बसलेली वाळू घट्ट विणीची. एवढं मला कळलं, बाकीचं त्याचं त्याला ठाऊक.

एकदा डबा द्यायला मी त्याच्या कचेरीत गेले होते. बोळात लाकडी खोक्यांत जमिनीतून काढलेल्या मातीच्या नळ्या ओळीनं निजवून ठेवलेल्या. त्याच्या टेबलाजवळची खिडकी रंगानं चिकटून बसलेली, त्यामुळे आत कायम ओल्या मातीचा वास. स्क्रीनवर जमीन उभी कापल्यासारखी दिसत होती आणि तिच्यावर बारीक चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनाला तिथल्या मातीचा गुण द्यायचा, मग खालचा खडक थोडा थोडा सरकवायचा आणि कुठले चौकोन लाल होतात, म्हणजे कुठली माती फाटते, ते पाहायचं. उत्तर आलं की हा पठ्ठ्या जाळी आणखी बारीक करायचा आणि सगळं पहिल्यापासून परत करायचा. उत्तर हललं तर तो ते मानतच नसे. कचेरीत सगळे त्याला 'जाळीवाले' म्हणायचे. शिपाईसुद्धा म्हणायचा, "जाळीवाले, जेवून घ्या, जमीन कुठं पळून जात नाही."

"घरं कुठायत यात?" मी विचारलं होतं.

"घरं धरत नाही आपण," तो म्हणाला. "आधी नुसती मोकळी जमीन घ्यायची. मोठी भारी इमारत असेल तर ती नंतर ठेवून बघतात, कारण तिच्या वजनानं चीर बाजूला ढकलली जाऊ शकते. बैठी घरं कुणी धरत नाही. त्यांच्या वजनानं मातीला काही फरक पडत नाही."

मी म्हटलं, असेल बाबा. डबा ठेवला आणि आले. आमचंही घर बैठंच होतं, पण तेव्हा ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता आमच्या बाबांबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाबा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. आख्खं आयुष्य त्या अवजड धुडावर बसून खडी दाबली. वजन म्हणजे त्यांचा देव. माणूस चांगला असेल तर म्हणायचे, वजनदार आहे. कुणी फुशारकी मारली तर म्हणायचे, पोकळ आहे, रोलर गेला तर पापड होईल. आमची जागा घेतली तेव्हा साहेबांची परवानगी काढून त्यांनी सुट्टीच्या दिवशी रोलर आणला आणि घर बांधायच्या आधी ती जमीन दिवसभर दाबली. शेजारीपाजारी बघायला जमले होते. आई म्हणायची, लग्नात नव्हता एवढा ऐटीत बसला होता तुमचा बाप. त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घरात आम्ही वाढलो, तिथूनच आई गेली, आणि मी लग्न होऊन आणि धाकटा नोकरीसाठी बाहेर पडल्यावर बाबा तिथं एकटे राहायला लागले. एकटे म्हणजे नावाला. पलीकडच्या घरातली मावशी, म्हणजे नात्याची कुणी नाही, सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची, ती रोज सकाळी कुंपणावरून ओरडायची, "रोलरवाले, आहात का गेलात?" आणि बाबा आतून ओरडायचे, "तुम्हाला पोचवून मग जाईन!" समोर बेकरीवाला होता. त्याच्या बाकावर बाबांची संध्याकाळ जायची.

आणि मग त्या भागाचं काम धाकट्याकडे आलं.

भेग तिथून जाते हे जुन्या लोकांनाही मोघम माहीत होतं, पण कुठून ते कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीच्या दोन्ही टोकांना भोकं पाडून मातीच्या नळ्या काढल्या, त्या कचेरीत गेल्या, धाकट्यानं जाळी मांडली. त्यानं ते काम दुसऱ्याला द्यायला हवं होतं, असं मी अजूनही म्हणते. तो म्हणाला, "दुसऱ्यानं केलं आणि चुकलं तर?" उत्तर आलं, की चीर आमच्या गल्लीतून वर येणार. बेकरी, आमचं घर, मावशीचं घर, सगळं त्याच पट्ट्यात. त्यानं जाळी बारीक केली, परत बारीक केली. कचेरीतल्या बाईंना, म्हणजे त्याच्या वरिष्ठांना, वेगळं करून बघायला सांगितलं. रेषा हलली नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी मशीनवर होते. सगळं सांगून झाल्यावर मी स्पष्टच बोलले, "अरे, जरा पलीकडे सरकव ना ती रेषा. मागं मोकळं मैदान आहे. कुणाचं काय जातंय?"

"मी रेषा काढत नाही ताई, ती निघते."

"मोठा आलाय! बापाच्या घरावरनं निघते?"

"मैदानात दाखवली आणि उद्या खरंच भूकंप झाला तर मावशीला तू काय सांगशील?"

मला राग आला तो त्याचं बरोबर होतं म्हणून. मी म्हटलं, "मग बाबांना तूच सांग. मी नाही सांगणार."

त्यानं सांगितलं. बाबा आधी हसले. म्हणाले, "इथं मी रोलर फिरवलाय. इथून कुणी वर येत नाही." धाकट्यानं समजावलं, की रोलरनं दबते ती वरची वीतभर माती, खाली तर घरावर घर उभं राहील एवढी माती आहे. बाबांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या त्या कॉम्प्युटरात माझं घर आहे का?"

"नाही बाबा. बैठी घरं धरत नाहीत."

"मग आधी धर. मग ये."

दुसऱ्या कुणी हे सोडून दिलं असतं. पण खाण तशी माती, हाही त्यांचाच मुलगा. पुढच्या सुट्टीला टेप घेऊन आला. बापलेकांनी मिळून घर मोजलं. बाबा भिंतीची जाडी सांगत होते, पाया किती खोल, विटा कुठल्या भट्टीच्या, छपरावर काय काय आहे. पाण्याची टाकी भरलेली धर, म्हणाले. आईचं लोखंडी कपाट धर. मी चहा करत होते आणि मला वाटलं, चला, हे बरं झालं, या निमित्तानं दोघं बोलतायत तरी. बाबा टेपचं एक टोक धरून भिंतीला पाठ लावून उभे होते आणि चेहरा असा खुललेला, की मला आईची ती ऐटीची गोष्ट आठवली.

मग तो लॅपटॉप घेऊन आला. ओट्याशेजारच्या टेबलावर उघडला. एवढी मोठी थोरली जमीन आणि तिच्या वरच्या कडेला चिकटलेला एक इवलासा चौकोन.

"हे?" बाबा म्हणाले.

"हो. टाकी आणि कपाटासकट."

त्यानं चित्र चालवलं. खालून लाल पट्टी तिरकी वर चढत आली आणि आमच्या मधल्या खोलीखालून बाहेर पडली. इथं थांबायचं ना शहाण्या माणसानं! पण नाही. त्यानं शेजारी दुसरं चित्र उघडलं. घर काढून टाकलेलं. तीच पट्टी, तिथंच.

"बघा बाबा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क आनंद होता, गणिताचा ताळा जुळल्यावर मुलांना होतो तसा. "घर धरलं काय आणि न धरलं काय, केसाइतकासुद्धा फरक नाही."

मी टेबलाखालून त्याला पाय मारला. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "काय गं?" कपाळ माझं!

बाबांनी दोन्ही चित्रं नीट पाहिली. मग चष्मा काढून पुसला. "म्हणजे असून नसून सारखंच," एवढंच म्हणाले आणि उठून अंगणात गेले. धाकट्याला वाटलं, पटलं. त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी बोलायचे बंद झाले.

पुढचं सगळं सरकारी रीतीनं झालं. पट्टा जाहीर झाला. लोकांना पलीकडच्या वस्तीत नव्या इमारतींमध्ये घरं मिळाली. चांगली होती, उगाच का खोटं बोलू, नळाला पाणी होतं, उजेड होता. तरी जाताना लोक धाकट्याच्या नावानं बोटं मोडत गेले. बेकरीवाला भट्टीच्या तोंडाशी बसून रडला. मावशीनं बाबांचा हात धरून सांगितलं, "रोलरवाले, चला हो. मी तिकडं कुणाला हाका मारू?" बाबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." नोटीस त्यांनाही होती, पण म्हाताऱ्या माणसाला उचलून कोण नेणार? अधिकारी म्हणाले, शेवटी बघू. तोवर बाकीची घरं पाडली. यंत्र आलं की आमच्या भांड्यांचा आवाज व्हायचा. अर्ध्या पडलेल्या भिंती, विटांचे ढीग आणि मधोमध आमचं एक घर, अशी ती गल्ली झाली.

मी पाया पडले, रडले, भांडले. "माझ्याकडे चला." पालथ्या घड्यावर पाणी. मला म्हणायचे, "तुझ्या घरी मी आलो काय आणि न आलो काय, फरक पडणार आहे का?" आता हे मला होतं का? ते ज्याला होतं तो बाहेर दारापाशी बसलेला असायचा. धाकटा दर सुट्टीला यायचा. बाबा त्याच्यासाठी खुर्ची बाहेर आणून ठेवायचे आणि स्वतः आत जायचे. खुर्ची न चुकता ठेवायचे, बोलायचे मात्र नाहीत. तो बसायचा, दारातूनच म्हणायचा, "बाबा, भूकंप आजही होऊ शकतो." आतून भांडी वाजायची. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, भूकंपाचं राहू दे, चुकलो म्हण आणि मोकळा हो." तो म्हणाला, "पण चुकलं काय ते तरी सांग. रेषा बरोबर आहे."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर दोन सुंभ होते.

मी एक दिवसाआड जायची. त्या दिवशी दुपारी गेले तर दार उघडं आणि बाबा अंगणात, धुण्याच्या दगडापाशी पडलेले. आदल्या दिवशी सकाळीच पडले होते. खुबा मोडला होता, हलता येत नव्हतं. ओठ सुकून पांढरे झालेले. घसा बसला होता, म्हणजे ओरडले असणार. मावशी असती तर सकाळच्या चहाआधीच धावत आली असती. कुणी नव्हतंच. सगळ्यांना सुखरूप हलवलं होतं ना आम्ही! मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि धाकट्याला, कचेरीला, देवाला, जो सापडेल त्याला शिव्या देत राहिले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वय झालंय, पाणी तुटलंय, छातीत कफ भरलाय, आशा धरू नका. धाकटा बाहेर बाकावर बसला होता. शर्टाच्या खिशाला कचेरीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. मी त्याच्याशी बोलणार नव्हते. तोच बोलला. "ताई, मी परत करून बघितलं. रेषा तिथंच येते. मी चुकलो असतो तर आत जाऊन पाय तरी धरले असते. आता कशाची माफी मागू?" मला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मुलगा कोण? बोलावतायत."

आम्ही दोघं आत गेलो. बाबांचे डोळे उघडे होते.

"आलास?" ते म्हणाले. इतक्या महिन्यांत त्याच्याशी बोललेला पहिला शब्द. "मोठा झाला रे. तू म्हणत होतास तसाच."

धाकट्याला कळेना. "काय झाला बाबा?"

"भूकंप. उचलून आपटलं मला. डोळे उघडले तर सगळी घरं पडलेली. बेकरी गेली. मावशीचं घर गेलं." ते दम घ्यायला थांबले. "माणसं?"

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली, कारण मला रडू आवरेना. मला वाटलं, आता हा सांगणार, बाबा, भूकंप झाला नाही, ती घरं यंत्रानं पाडलीत. आत्याच्या साडीसारखं.

"माणसं वाचली बाबा," तो म्हणाला. "आधीच निघून गेली होती."

"तुझ्यामुळं." बाबांनी पांघरुणातून हात बाहेर काढला. "सांगत होतो मी सगळ्यांना, माझा मुलगा आहे म्हणून." कुणाला सांगत होते? देव जाणे. आम्हाला तर कधी नाही. "आणि आपलं घर उभं आहे. मी पडल्या पडल्या बघितलं. एकटं उभं आहे."

"हो."

"मग भेग कुठून गेली?"

जो माणूस माझ्यासाठी ती रेषा पाऊलभर सरकवायला तयार नव्हता, तो बाबांचा हात हातात घेऊन खाली वाकला. "आपल्या घरापाशी आली आणि वळली, बाबा. मागच्या मैदानातून गेली. घराच्या वजनानं वळली."

बाबांचा चेहरा टेप धरून उभे होते तेव्हासारखा झाला. "म्हणजे तुझं चुकलं."

"चुकलं बाबा. माझंच चुकलं."

"असू दे," बाबा म्हणाले आणि त्याचा हात थोपटला. "होतं माणसाकडून. मी काही राग धरलेला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. कागदपत्रं करून आम्ही जिन्यानं खाली येत होतो, तर धाकटा मधल्याच पायरीवर बसला. येणारी-जाणारी माणसं त्याला वळसा घालून चढत होती, उतरत होती. "त्यांनी मला माफ केलं ताई," तो म्हणाला, "पण जे मी केलंच नव्हतं त्याच्यासाठी." आणि मग लहानपणी रडायचा तसा तोंड उघडं टाकून रडायला लागला. नाही म्हटलं तरी मला तोंड आहे, कुणालाही उत्तर द्यायला मी कधी कमी पडलेली नाही. पण तेव्हा मी नुसती त्याच्याशेजारी पायरीवर बसले.